कितवी गेली?

गेल्या महिन्यात माळा आवरताना आजोबांची १९६१ सालची खिशात मावणारी डायरी सापडली. काही पानांवरची शाई फुटून निळसर ढग झाले आहेत आणि कडा वाळलेल्या पानासारख्या वाकल्या आहेत, परंतु अक्षर वाचता येते. पानशेतचे धरण फुटले तो दिवस १२ जुलै, बुधवार. आमचे कुटुंब तेव्हा पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने राहत होते. त्या दिवशी त्या वाड्याचे आणि त्यातल्या बारा बिऱ्हाडांचे जे झाले ते घरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, म्हणून मी अधीरतेने ते पान काढले. आजोबांनी लिहिले होते : “पानशेत फुटले. पूर. कचेरीत गेलो नाही. रात्री शाळेत मुक्काम.” दुसऱ्या दिवशीच्या पानावर एकच शब्द होता, “चिखल.” त्याखाली खर्चाच्या रकान्यात रॉकेल आणि दोन मेणबत्त्या.

सुरुवातीला मी निराश झालो, हे कबूल करतो. ज्या पुराने पेठांमधले वाडेच्या वाडे खाली बसले, लकडी पूल पाण्याखाली गेला आणि हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली, त्या पुराला आजोबांनी कचेरीतल्या गैरहजेरीइतकीच जागा द्यावी, हे मनाला पटेना. मग मी आदल्या दिवसाचे पान उलटले. ११ जुलै, मंगळवार : “छत्री दुरुस्तीला दिली. शुक्रवारी मिळेल.” या ओळीपाशी मात्र बराच वेळ थांबलो. ज्याने ती लिहिली त्याला बुधवारी काय होणार आहे याची कल्पना नव्हती आणि वाचणाऱ्या मला ती होती. आजोबांच्या डायरीची सगळी ताकद त्यांच्या त्या अज्ञानात आहे.

हीच हकिकत माझी आत्या सांगते तेव्हा ती वेगळीच होते. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या सांगण्यात छत्री नाही, कचेरी नाही, शाळेतला मुक्कामही जेमतेम आहे. तिच्या सांगण्यात जिना आहे. पाणी वाड्याच्या दिंडीतून आत आले तेव्हा खालची सगळी बिऱ्हाडे वरच्या मजल्यावर गेली. आजोबा जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि पाण्याखाली जाणारी एकेक पायरी मोठ्याने मोजू लागले. “तिसरी गेली.” बराच वेळ शांतता. “चौथी गेली.” खाली अंधाऱ्या स्वयंपाकघरात रिकाम्या घागरी आणि कळशा पाण्यावर तरंगून एकमेकींवर आपटत होत्या आणि तो आवाज देवळात कुणीतरी सावकाश घंटा वाजवावी तसा वर ऐकू येत होता. माझ्या आजीला पुढे आयुष्यभर रिकामी घागर फरशीवर ठेवल्याचा आवाज सहन होत नसे, असे आत्या सांगते, आणि ते मीही पाहिले आहे.

यातला घोटाळा पायऱ्यांच्या संख्येचा आहे. मी शाळेत असताना आत्याच्या हकिकतीत पाणी सातव्या पायरीवर थांबत असे. माझ्या लग्नात तिने ती माझ्या सासरच्या मंडळींना सांगितली तेव्हा नऊ पायऱ्या गेल्या होत्या. आता ती अकरा म्हणते. माझ्या वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे त्या जिन्याला एकूण पायऱ्याच दहा होत्या. वाडा त्याच आठवड्यात कोसळला, त्यामुळे मोजून पाहण्याची सोय उरलेली नाही आणि या मुद्द्यावर भावाबहिणींत गेली साठ वर्षे समझोता झालेला नाही.

एका घरातल्या या दोन साधनांकडे पाहताना मला मराठी इतिहासलेखनातला एक जुना वाद आठवत राहतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात पानिपतच्या आधीच्या दशकातली अस्सल पत्रे होती. त्याच्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी बखरींचा कठोर समाचार घेतला. त्यांचा मुद्दा असा की घटनेच्या वेळी लिहिलेला कागदाचा एक कपटाही नंतर रचलेल्या सुरस बखरीपेक्षा मोलाचा असतो. त्या कपट्यांसाठी हा माणूस गावोगाव पायपीट करत राहिला, लोकांच्या माळ्यांवरची वाळवी लागलेली दप्तरे मिळावीत म्हणून त्याने मनधरण्या केल्या आणि अपमानही गिळले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच ध्यासातून.

राजवाड्यांची बाजू किती भक्कम आहे याचा सगळ्यांत चांगला पुरावा म्हणजे जेधे शकावली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे स्वरूप आजोबांच्या डायरीसारखेच आहे : शक, महिना, तिथी आणि पुढे मोजक्या शब्दांत काय झाले ते. वर्णन नाही, विशेषणे नाहीत, कुणाच्या मनात काय चालले होते याचा पत्ता नाही. बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ मधला समजला जात होता. या शकावलीतल्या एका कोरड्या ओळीने शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया पुढे आणली. इंग्रजी कालगणनेने ती तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते. त्यानंतर अनेक दशके वाद झाले आणि अखेर राज्य सरकारने हीच तारीख मान्य केली. रसाळ बखरींना जे साधले नाही ते एका ओळीने करून दाखवले.

म्हणजे आजोबा बरोबर आणि आत्या चूक, असे म्हणून हा विषय मिटवता आला असता. तो मिटत नाही, याचे कारण मला वरसईच्या विष्णुभट गोडशांपाशी सापडते.

पेणजवळच्या वरसई गावचे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे दक्षिणा चांगली मिळेल असे कळल्यावर काकांना बरोबर घेऊन ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. वाटेतच बंडाची बातमी त्यांच्या कानांवर आली. पुढे ते ज्या झाशीत राहिले त्या झाशीला १८५८च्या वसंतात इंग्रजी फौजेचा वेढा पडला. शहर पडले तेव्हाची कत्तल आणि लूट या भिक्षुकाने गल्लीबोळांत लपून पाहिली. राणीच्या राज्यातल्या उत्तम ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस हा त्यांच्या लेखी माणसांच्या मृत्यूइतकाच मोठा घाव आहे, हे वाचताना दर वेळी माझ्या लक्षात येते. जी काही दक्षिणा मिळवली होती ती लुटली गेली. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले.

‘माझा प्रवास’ या पुस्तकातले हे सारे त्यांनी कधी लिहिले? पंचविसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. आणि ते लोकांच्या हाती कधी आले? १९०७ मध्ये, म्हणजे घटनांना अर्धे शतक उलटून गेल्यावर, तेही वैद्यांनी संस्कार करून. गोडशांच्या मूळ मोडी हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ मध्ये. एका माणसाने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत छापून यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

राजवाड्यांच्या कसोटीवर गोडसे भटजी कुठे उतरतील? तारखांच्या बाबतीत त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. बंडाचे मूळ सांगताना ते लिहितात की इंग्रज सरकारने राजेरजवाड्यांना कलकत्त्याला बोलावून त्यांच्यापुढे धर्माविरुद्धची चौऱ्याऐंशी कलमे ठेवली. अशी सभा कुठल्याही सरकारी दप्तरात सापडायची नाही. सरळ सरळ अफवा आहे. परंतु थोडा विचार करा : १८५७ मध्ये वाटेवर, धर्मशाळेत, नदीच्या घाटावर माणसे एकमेकांना नेमके काय सांगत होती आणि कशाला घाबरत होती, हे आपल्याला कोणता अस्सल कागद सांगणार आहे? सरकारी दप्तरात फौजांच्या हालचाली मिळतील, मृतांचे आकडे मिळतील. चौऱ्याऐंशी कलमांची अफवा मिळेल ती एका भिक्षुकाच्या पंचवीस वर्षे मुरलेल्या आठवणीत. घडलेल्या घटनेचा पुरावा म्हणून ते विधान खोटे आहे. लोकांच्या मनातल्या भीतीचा पुरावा म्हणून पाहिले तर ते अस्सल आहे.

मला इथे त्या पंचवीस वर्षांचे महत्त्व वाटते. या काळात भटजींनी ही हकिकत किती ओसऱ्यांवर आणि किती यजमानांकडे जेवणानंतर सुपारी कातरताना सांगितली असेल, याचा आपण अंदाजच करायचा. सांगता सांगता ऐकणारे कुठे पुढे सरकतात आणि कुठे जांभई देतात हे सांगणाऱ्याला कळत जाते. जे सांगितल्यावाचून राहवत नाही ते टिकते आणि बाकीचे गळते. म्हणून लिहायला बसले तेव्हा त्यांच्याजवळ सांगून सांगून घासले गेलेले गद्य तयार होते. वेढ्याच्या त्याच रात्री त्यांनी हाती बोरू धरला असता तर कदाचित माझ्या आजोबांसारखेच काहीतरी लिहिले असते : “शहर पडले. विहिरीवर पाणी नाही. उपवास.”

मराठीतली आठवणींची थोर पुस्तके पाहिली तर हा उशीर जवळपास सगळीकडे दिसतो. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले आणि रमाबाईंच्या आठवणी १९१० मध्ये आल्या. रेव्हरंड टिळकांचे निधन १९१९ मधले, आणि लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांचा पहिला भाग १९३४ मधला. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते म्हणून त्याने आईला आठवेल ते लिहायला सांगितले आणि त्यातून आईचेच पुस्तक झाले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याचे, भांडणांचे, नवऱ्याने धर्मांतर केल्यानंतरच्या विरहाचे प्रसंग ज्या मिस्किलपणे सांगतात, तो मिस्किलपणा प्रसंग घडत असताना त्यांच्यापाशी असणे शक्य नव्हते. रडून झालेले असल्याशिवाय असे हसता येत नाही.

बखरीही अशाच उशिराने लिहिल्या गेल्या आहेत. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली शिवचरित्राची बखर १६९७ मध्ये, छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीत लिहिली. शिवाजी महाराजांना जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. संभाजी महाराजांची हत्या झाली होती, रायगड मोगलांच्या हाती गेला होता आणि राजाने स्वराज्यापासून शेकडो कोसांवर आश्रय घेतला होता. अशा काळात, अशा जागी बसून थोरल्या महाराजांचे चरित्र लिहिणाऱ्या माणसाला तिथींची अचूकता किती महत्त्वाची वाटली असेल? त्याला बुडत्या माणसाला ऐकवायची गोष्ट हवी होती. ही बखर इतर बखरींपेक्षा घटनांना बरीच जवळची आहे आणि इतिहासकार तिला मान देतात, तरी ती वाचताना तिच्यातले पानापानावरचे वैभव जिंजीतल्या दारिद्र्याच्या पार्श्वभूमीवर पाहिले की मला ते अधिक समजते. बखर ज्या काळाबद्दल बोलते त्याहून, ज्या काळात ती लिहिली गेली त्याबद्दल अधिक खरे बोलते असे माझे मत होत चालले आहे. (आत्याची सातवी पायरी माझ्या शाळेच्या दिवसांतली आणि अकरावी तिच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतरची, हेही या संदर्भात नोंदवून ठेवतो.)

आता माझ्या वाट्याच्या पुराविषयी. पानशेतनंतर पूरग्रस्तांसाठी शहरात ठिकठिकाणी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतून आमचे कुटुंब अखेर सहकारनगरच्या बाजूला आले आणि मुठेपासून लांब आलो म्हणून आजीने सुटकेचा निःश्वास सोडला. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. एरवी ज्याकडे आम्ही नाकाला रुमाल लावून पाहत असू त्या ओढ्याने दोन्ही काठांवरच्या भिंती पाडल्या आणि मोटारी काडेपेट्यांसारख्या एकमेकींवर रचून ठेवल्या. शहरात माणसे दगावली. आमच्या इमारतीत पाणी वाहनतळ भरून जिन्यात शिरले. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. वीज गेली होती, रात्रभर लोक एकमेकांना हाका मारत होते, आणि मी मोबाइल घेऊन कधी गच्चीत तर कधी जिन्यात उभा होतो.

त्या रात्रीची त्रेसष्ट छायाचित्रे आणि चित्रफिती माझ्याजवळ आहेत. प्रत्येकीवर तास, मिनिट आणि सेकंद यांची नोंद आहे. राजवाडे असते तर त्यांना हर्ष झाला असता असे वरवर वाटते. इतका समकालीन, इतका अस्सल कागद त्यांना एकाही माळ्यावर मिळाला नव्हता. तरी मला शंका आहे, कारण आजोबांना लिहिताना एक शब्द निवडावा लागला होता आणि त्यांनी “पूर” हा निवडला. “चिखल” निवडताना तर त्यांनी घर, सामान, भिंती, सगळे वगळले, आणि जे वगळले त्याच्या वजनानेच तो शब्द इतका जड झाला आहे. मला काहीच निवडावे लागले नाही. बोट दाबले की झाले. कशाला महत्त्व द्यायचे हे ठरवण्याचे काम मी यंत्रावर ढकलले, आणि यंत्राने सगळ्यालाच सारखे महत्त्व दिले.

आणखी एक गोष्ट आहे. आत्याची आठवण प्रसंगाने जागी होते. पावसाची मोठी सर आली, नळाखाली बादली भरून वाहू लागली, कुणी नवे घर घेतले आणि ते तळमजल्यावर आहे असे कळले, की ती सुरू होते आणि समोर कोण आहे ते पाहून वळण घेते. माझी आठवण तारखेने येते. दर वर्षी २५ सप्टेंबरला सकाळी मोबाइल आपणहून एक चित्र पुढे करतो, मागे मंद संगीत लावतो, आणि वाढदिवसाच्या केकच्या छायाचित्राला जी सजावट करतो तीच त्या गढूळ पाण्याला करतो. मी ते दोन सेकंद पाहतो आणि बाजूला सारतो. इतक्या वर्षांत त्या रात्रीची हकिकत मी कुणालाही पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलेली नाही. कुणी विचारलेच तर मोबाइल पुढे करतो. ते चार चित्रे पाहतात, “बाप रे” म्हणतात, आणि विषय संपतो. सांगण्याची गरजच उरली नाही, म्हणून सांगता सांगता जे घडायचे ते घडलेच नाही.

डायरी सापडल्यावर मी ती घेऊन आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावून १२ जुलैचे पान वाचले, वडिलांच्या अक्षरावरून बोट फिरवले आणि म्हणाली, “एवढंच लिहिलंय दादांनी? पायऱ्या नाही लिहिल्या?” मग तिला माझा पूर पाहायचा होता. मी एकामागून एक चित्रफिती लावल्या. अंधार, पाण्याचा आवाज, विजेरीचे हलते वर्तुळ, कुणीतरी कुणाला तरी “वर या, वर या” म्हणत आहे. सहा-सात पाहून झाल्यावर तिने माझा हात धरून थांबवले.

“अरे, पण कुठपर्यंत आलं होतं?”

“जिन्यात आलं होतं, आत्या. हे बघ ना, इथे दिसतंय.”

“ते दिसतंय मला. कितवी गेली?”

मला सांगता येईना. घरी येऊन मी सगळ्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या. जिना तीन ठिकाणी आहे, परंतु विजेरीच्या उजेडात पाणी आणि फरशी यांची सीमा कुठे आहे ते कळत नाही, आणि खालच्या पायऱ्या दिसत नसल्याने कितवी ते मोजता येत नाही. सकाळी खाली जाऊन जिना पाहिला. भिंतीला नंतर दोनदा रंग दिलेला आहे, ओलीची रेघ कुठेच उरलेली नाही. तळमजल्यावरच्या काकांना विचारले तर ते ठामपणे पाच म्हणाले. त्या वेळी रखवालीला असलेले गृहस्थ अजून जवळच राहतात. ते म्हणाले, तीन, फार तर फार तीन. दोघेही तिथे होते, दोघांच्याही पायांना ते पाणी लागले होते.

संध्याकाळी आत्याला फोन केला. तिने हॅलोच्या आधी तोच प्रश्न विचारला.

“चौथी गेली,” मी म्हणालो.